कॉलेजच्या कुस्ती संघामागे हंगामभर हिंडलेलं कोणी आहे का इथे?

शनिवारपेठी

परवा स्वारगेटच्या स्टॉपवर एक पोरगा उभा होता. भर दुपारी अंगात एकावर एक दोन ट्रॅकसूट, डोक्याला कानटोपी, आणि हातातल्या रिकाम्या बाटलीत सारखा थुंकत होता. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून लांब सरकल्या. मी विचारलं, "किती राहिलंय?" तो दचकला. मग म्हणाला, "नऊशे ग्रॅम उतरवायचंय. उद्या कुस्तीची वजनं आहेत."

बस आली, तो गेला, आणि मला २००७-०८ चं अख्खं वर्ष आठवलं.

तेव्हा मी कॉलेजच्या भित्तीपत्रकात लिहायचे. क्रिकेट आणि फिरोदिया (कॉलेजांची नाट्यस्पर्धा) आधीच वाटून झालेलं, उरली कुस्ती. पीडी, म्हणजे खेळ बघणाऱ्या सरांनी तीन अटी घातल्या. मॅटच्या कडेला बसायचं, वजनं होईपर्यंत कुणाला काही खायला द्यायचं नाही, आणि हरलेल्याला लगेच प्रश्न विचारायचे नाहीत. तिसरी अट मी आजही नोकरीत पाळते.

मुलांची नावं कुणी घ्यायचंच नाही. तेव्हा फ्रीस्टाइलचे किलोत सात वजन गट होते, ५५, ६०, ६६, ७४, ८४, ९६, १२०. त्यामुळे "साठ कुठाय?" "चौऱ्याहत्तरचा पेपर आहे, उशिरा येतोय." पंचावन्न आणि साठ पेठेतल्या तालमीत राहायचे, बाकीचे मुळशी, मावळ, इंदापूर असे कुठून कुठून आलेले. एकशे वीस आमच्याकडे नव्हताच. मग सरांनी गोळाफेकवाला पकडून आणला. त्याने जन्मात लंगोट बांधलेला नव्हता. पण त्या वजनात नावंच तीन आली होती, त्यामुळे दोन्ही कुस्त्या मिनिटाच्या आत हरूनही गडी तिसरा. सांघिक गुण मिळाले! त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं.

कॉलेजला मॅट नव्हती. सराव मातीत, आणि ओळखीने आठवड्यातून एखाद्या वेळी कात्रजच्या बाजूला मॅटवर. माती आणि मॅट हे दोन वेगळे खेळ आहेत हे मला तिथे कळलं. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती. घिस्सा, ढाक, एकलंगी, लावा काय लावायचं ते, वेळ आहे. मॅटवर तेव्हा दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, पाय रेषेबाहेर गेला की समोरच्याला गुण. आमचा सहासष्ट मातीत ऐकायचा नाही कुणाला. मॅटवर त्याला नुसतं ढकलत बाहेर नेऊन हरवलं. तो उठून पंचांना विचारतो, "सर, पाठ कुठे लागली माझी?"

आंतरमहाविद्यालयीन, मग विभागाची, मग विद्यापीठाची निवड, अशा पायऱ्या. शेवटी आमच्यातले साठ आणि चौऱ्याहत्तर पुणे विद्यापीठाच्या संघात गेले. झेलमने उत्तरेला निघाले तेव्हा अख्खा संघ पुणे स्टेशनवर होता. मला पुढे जायची घरून परवानगी नव्हती. चौऱ्याहत्तरचा फोन आला, "हरयाणावाला होता," एवढंच म्हणाला.

तुम्ही कोणी खेळलात, मागे हिंडलात, घरात कोणी होतं? लिहा.

मोडकाकान

वाचूनच तहान लागली. मी ५५. वजनाच्या आदल्या रात्री उकडत्या खोलीत सहा जण गोधड्या पांघरून बसायचो आणि विषय काय तर बेडेकरांची मिसळ की श्रीकृष्णची. एकाने उसाच्या रसाचं नाव काढलं, त्याला बाहेर हाकलला.

खडकी_बाजार

कुठलं कॉलेज ताई? गोळाफेकवाला ओळखीचा वाटतोय

शनिवारपेठी

नाही सांगणार. तो आता दोन मुलांचा बाप आहे आणि घरी 'विद्यापीठात तिसरा' असं सांगून बसलाय.

नगरी_ठसका

आम्ही तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. पुण्याची पोरं बूट घालून यायची, आमच्यात दोन जोड आणि पोरं सात. आठ नंबरचा पाय सहा नंबरच्या बुटात. एकाची कुस्ती संपली की मॅटच्या कडेला बसून घाईघाईने नाड्या सोडायच्या, दुसऱ्याच्या नावाचा पुकारा चाललेला. पंच ओरडतायत, हा एका पायात बूट घालून लंगडत येतोय.

आणि ते चेंडूचं आठवतं का कुणाला? राउंड शून्य-शून्य सुटला की पंच पिशवीतून चेंडू काढायचे. लाल निघाला तर लालवाल्याने समोरच्याचा पाय धरायचा आणि मग शिट्टी. दोन मिनिटं झुंजायचं आणि निकाल पिशवीत! आमचे वस्ताद म्हणायचे, यापेक्षा घरून छापा-काटा करून या.

बाकी पुणेकरांनो, दुपारी एक ते चार कुस्ती बंद असायची का तुमच्याकडे?

मोडकाकान

@नगरी एक ते चार आम्ही तुम्हाला चीत करून झोपायचो

नगरी_ठसका

हाहाहा. वजन गट सांग, पत्ता पाठवतो.

जिमखाना_खिडकी

मी एका कॉलेजच्या जिमखान्यात लेखनिक होतो, निवृत्त. तुम्ही सगळे घाम आणि माती लिहिताय, मला व्हाउचर आठवतात. कुस्तीवाल्यांचं बिल आलं की ऑडिटवाले चष्मा पुसायचे. "खेळाडू सात, केळी दहा डझन?" मी लिहून द्यायचो, वजनं झाल्यानंतर खाल्ली. त्यावर पुन्हा शेरा, "एका दिवसात?" पीडी सर म्हणाले, साहेबांना एकदा वजनाच्या ठिकाणी घेऊन या. आले. काट्यावरून उतरल्यावर पोरं काय करतात ते पाहिलं. पुढे केळ्यांवर कधी शेरा आला नाही.

ट्रॅकसूट मात्र दरवर्षी हंगाम संपल्यावर मंजूर व्हायचे.

आल्याचा_चहा

नवीन मुलांसाठी: तो चेंडू आणि तीन राउंड २०१३ ला गेले. आता तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, गुण सलग मोजतात, फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. वजनंही आता ज्या दिवशी कुस्ती त्याच दिवशी सकाळी. म्हणजे शनिवारपेठी ताईंच्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी काट्यावरून उतरून काही तासांत लढायचं होतं. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन देऊन रात्रभर खायला मिळायचं, ती मजा संपली.

डॉ_कर्वेरोड

मजा कसली हो. थुंकून, न पिऊन जे उतरतं ते पाणी असतं, चरबी नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत साधारण महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सॉना बंद केले, वजनाची वेळ कुस्तीच्या जवळ आणली. कोणाचा मुलगा खेळत असेल तर त्याला वरच्या वजनात खेळू द्या, सरांशी भांडा.

कानाचं पण सांगते. घासून, दाबून कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठतं. लवकर आलात तर काढता येतं, वर दाबून पट्टी बांधायची. पण माझ्याकडे येतात कधी, तर महिन्याने, कडक झाल्यावर, आणि तेही आई ओढून आणते म्हणून.

मोडकाकान

डॉक्टर, कान मोडल्याशिवाय तालमीत कोणी पैलवान म्हणत नाही. माझा पहिला फुगला तेव्हा मी मुद्दाम केस बारीक केले होते. फक्त हेल्मेट आणि इअरफोन या दोघांशी जन्माचं वैर आहे.

एक्कावन्न_किलो

मी मुलींमध्ये ५१. आमच्या वेळी विभागाच्या स्पर्धेला माझ्या वजनात कधी दोन मुली, कधी मी एकटीच. एकटी असली तरी वजन द्यावंच लागायचं, पाव किलो जास्त भरलं तर एकटी असून बाद! मग मी एकटीच आवारात पळायचे, आणि चौकीदार विचारायचा, ताई कोण मागे लागलंय?

हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीत, मुलींनी उतरायचं नाही अशी तेव्हा आमच्या तालमीची रीत होती. वस्ताद वाईट नव्हते, पण रीत. मी बाहेर फरशीवर जोर-बैठका काढायचे आणि आठवी-नववीच्या पोरांबरोबर शाळेच्या गाद्यांवर पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, काढायला शिकले. दुहेरी पट माझा आजही बरा बसतो, नवऱ्याला विचारा.

२०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मी टीव्हीसमोर उभीच होते, बसवेना. सासूबाई म्हणाल्या, तू का घामाघूम झालीस.

खडकी_बाजार

@एक्कावन्न जबरी. नवऱ्याला पण लिहायला सांगा इथे

एक्कावन्न_किलो

तो वाचतोय. म्हणतो नको.

बेळगावचा_रेडिओ

कॉलेजचं नाही, पण धागा पाहून राहवलं नाही. १९७७ ला बेळगावात आमच्या हरिश्चंद्र बिराजदार मामांनी दिल्लीच्या सत्पालला चीत केलं, त्याची चर्चा आमच्या घरी वर्षभर चालली होती. मामा १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली, राहुल आवारे त्यांचाच, ज्याने २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य आणलं. आणि गंमत बघा, तोच सत्पाल पुढे सुशील कुमारचा गुरू.

शनिवारपेठी

काका, सुशीलवरून आठवलं. ऑगस्ट २००८, बीजिंग. आमचा हंगाम संपून अर्धा संघ पास होऊन गेला होता, तरी सगळे सहासष्टच्या खोलीवर जमलो, कारण सुशीलचं वजनही सहासष्टच. सुशील पहिलीच कुस्ती हरला. टीव्ही बंद करायला एक जण उठला तर साठ म्हणाला थांब, हरवणारा फायनलला गेला तर याला रेपेचाज, म्हणजे कांस्यासाठी परत संधी, मिळेल. तो गेला, मग सुशील एकापाठोपाठ एक जिंकत कांस्यापर्यंत आला. खाशाबा जाधवांनंतर ५६ वर्षांनी कुस्तीत पदक. आमचा सहासष्ट तेव्हा काय बोलला माहितीय? "त्याला पण बाहेर ढकललं असतं तर कळलं असतं."

आयोवावासी_सदाशिव

इकडे रात्रीचे अडीच वाजलेत, लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. मी नोकरीनिमित्त आयोवा सिटीत. आधी वाटायचं अमेरिकेत कुस्ती म्हणजे टीव्हीवरची नाटकं. शेजाऱ्याने एकदा कार्व्हर-हॉकआय अरिनात नेलं. हजारो माणसं कॉलेजच्या कुस्तीला, आज्या लोकरीच्या टोप्या घालून! डॅन गेबल इथलाच, १९७२ ला म्युनिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण, नंतर इथे प्रशिक्षक.

त्यांचा प्रकार वेगळा, फोकस्टाइल. खाली अडकलेला सुटला तर त्याला एक गुण. वरचा जितका वेळ दाबून ठेवेल त्याचं घड्याळ चालतं. नोव्हेंबर ते मार्च हंगाम आणि बरेचदा एका कॉलेजचा संघ थेट दुसऱ्या संघाशी, दहा वजनं, दहा कुस्त्या. चीत केलं तर संघाला सहा, साध्या गुणांवर जिंकलं तर तीन. म्हणून हरणारा सुद्धा शेवटच्या सेकंदापर्यंत पाठ लागू देत नाही, संघाचे तीन गुण वाचतात ना. पाठ उचलून धरणाऱ्या हरलेल्या पोराला अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या देतं. ताई, तुमच्या गोळाफेकवाल्याला इथे पुतळा मिळाला असता.

नगरी_ठसका

तो मिनिटात चीत झाला म्हणतायत, पुतळा आडवा बसवावा लागेल

खडकी_बाजार

मेलो =))

पहाटेची_कुंडी

माझा दादा ८४ होता. सगळे त्याच्या कुस्त्या बघायला जायचे, मी पहाटे साडेचारला बदाम वाटायला. रात्री भिजवलेले बदाम, सालं काढून, खसखस, बडीशेप, मगज, चार मिरी, दोन वेलच्या. कुंडी-सोट्यानेच. मिक्सरमधलं त्याला कळायचं. मी बारावीला होते, एका हाताने सोटा आणि मांडीवर रसायनशास्त्र. तो विभागात पहिला आला तेव्हा सरांनी आईचा सत्कार केला, नारळ-साडी. माझे मार्क कोणी विचारले नाहीत. बरे पडले होते तसे.

आता दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तो माझ्या मुलाला उगाच पाठीवर थापट्या मारत शड्डू ठोकायला शिकवतो. घरात कोणाचं काही पडलं की समजायचं मामा आलाय.

आल्याचा_चहा

थंडाईत दूध किती? आणि गुलाबपाकळ्या घालतात का?

पहाटेची_कुंडी

दूध पितळी तांब्याभर, एका माणसाला. पाकळ्या दुकानातल्या थंडाईत. पैलवानाला घातल्या तर म्हणायचा, लग्न आहे का.

डॉ_कर्वेरोड

तांब्याभर एका माणसाला आणि हे सगळे आज माझ्याकडे कोलेस्टेरॉलला येतात. जोर-बैठका बंद, खुराक चालू!

मोडकाकान

डॉक्टर दवाखाना नक्की कुठे आहे, मी तिकडून जाणार नाही

वाचनमात्र_होतो

पहिल्यांदाच लिहितोय. मी सध्या खेळतो, ६५. सीनियर पोरं सांगतात तसंच आहे अजून. फक्त आता कोणी कुणाचा व्हिडिओ काढला की रात्री सगळे मिळून आपली चूक बघत बसतो. मातीवाल्यांना मॅट जड जाते हे पण तसंच. ज्यांचे दहा गुण जाऊन कुस्ती संपते ते अजून पंचांना तेच विचारतात, पाठ कुठे लागली.

निवड चाचणी जवळ आलीय. लोक बघायला येत नाहीत फार, आमचेच घरचे असतात.

शनिवारपेठी

तिकीट असतं का रे? कोणीही येऊ शकतं ना?

वाचनमात्र_होतो

तिकीट नाही ताई. वजनं पहाटे, कुस्त्या दहाला लिहितात, सुरू कधी होतील ते पंचांचा चहा झाल्यावर. पाण्याची बाटली आणा. आणि आमच्यासमोर सकाळी काही खाऊ नका प्लीज

जिमखाना_खिडकी

केळी मी आणतो. व्हाउचर नको.

नगरी_ठसका

आमची पोरंपण येणार आहेत, दोन डझन जास्त घ्या काका