वाई–महाबळेश्वर–महाड–वरंधा–भोर: सामान लादून सायकलने जायचं, दिशा कुठली आणि तयारी काय?

चाकवाट

डिसेंबरात पुण्याहून चार दिवसांची फेरी आखली आहे. पहिला दिवस पुणे–वाई, दुसरा वाई–महाबळेश्वर, तिसरा आंबेनळी घाट उतरून महाड, चौथा महाड–वरंधा–भोर–पुणे. वाई, मेणवली, पार, महाड, भोर ही गावं नीट बघायची आहेत, नुसती ओलांडायची नाहीत.

सायकल हायब्रिड आहे. टायर 700×35, पुढे 48-38-28 दातांच्या चकत्या, मागे सात गिअरचं 14-28 फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा जुडगा), मेकॅनिकल डिस्क ब्रेक, मागे कॅरिअर. सामान 12 किलोच्या आसपास.

प्रश्न तीन. दिशा हीच ठेवू की उलटी? हे गिअर पसारणी (वाई–पाचगणी) आणि वरंधा घाटाला पुरतील का? आणि आंबेनळीच्या उताराला डिस्कची काय काळजी घ्यायची?

घाटमाथा

दिशा हीच ठेवा. उलटं गेलात तर पोलादपूरहून महाबळेश्वर म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरून 1,350 मीटरच्या वर, 40 किलोमीटरच्या आत. सामानासकट ती एका दिवसाची शिक्षा आहे. तुमच्या दिशेने तीच उंची तुकड्यातुकड्याने चढता. वाई साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1,290च्या आसपास. पसारणीचे बारा-तेरा किलोमीटर सरासरी पाच टक्क्यांच्या आत बसतात. पुढे पाचगणी–महाबळेश्वर 19 किलोमीटर वरखाली आहेत, पण दमवणारे नाहीत.

दुसरं कारण वरंध्याचं. पावसाळ्यात तिथे दरडी येतात, रस्ता खचतो, मग दुरुस्तीची खडी पसरलेली असते. फुटलेल्या रस्त्यावर चढताना वेग सात-आठचा असतो, चाक घसरलं तर पाय टेकवता येतो. त्याच खडीवर लादलेली सायकल उतारावरून सोडली की पुढचं चाक वळणात बाहेर पळतं. घाट बंद-चालूचं फलक-बातम्यांवरून ठरवू नका, आदल्या संध्याकाळी महाडच्या स्टँडवर भोरकडून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा.

चौथा दिवस मात्र मला पटत नाही. महाड ते भोर सुमारे 75 किलोमीटर, त्यात पूर्ण घाट, वर भोर–पुणे 50. भोरला मुक्काम टाका आणि पाच दिवस करा. नाहीतर नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता, जो या फेरीतला सर्वांत देखणा आहे, तो घड्याळ बघत कापावा लागेल.

उन्हाचंही गणित बघा. पसारणी घाट डोंगराच्या पूर्व अंगावर, सकाळचं ऊन थेट पाठीवर. म्हणून वाई सहाला सोडा. आठनंतर पर्यटकांच्या गाड्याही सुरू होतात. शनिवार-रविवार तर टाळाच. वरंधा कोकणातून चढताना पश्चिम अंगावर येतो, तिथे सकाळी उशिरापर्यंत सावली मिळते. पण त्याआधीचा बिरवाडी, माझेरीपर्यंतचा सपाट भाग दमट असतो, तो उजाडताच उरका. घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहाच्या टपऱ्या आहेत, त्यांच्या भरवशावर पाणी मात्र कमी घेऊ नका. माझेरीला तीन लिटर भरा.

पुण्यातून निघताना नव्या बोगद्याच्या नादी न लागता जुना कात्रज घाट घ्या. जुना बोगदा लहान आहे, तरी आत अंधार असतो. मागचा लाल दिवा आधीच लावा.

पानापक्कड

गिअरबद्दल सरळ हिशोब. 700×35 टायरचा घेर साधारण 2.17 मीटर. पुढे 28 मागे 28 म्हणजे पायडलच्या एका फेरीला 2.17 मीटर, मिनिटाला 60 फेऱ्या धरल्या तर ताशी 7.8 किलोमीटर. तुम्ही, सायकल, सामान मिळून 97 किलो समजा. पाच टक्क्यांना याला सुमारे 120 वॅट लागतात. हे बहुतेकांना तासभर झेपतं. आठ टक्क्यांच्या तुकड्यावर तेच 180 होतात, आणि तिथे फेऱ्या 60 वरून 40 वर येऊन गुडघे भरतात. म्हणजे पसारणीला तुमचे गिअर चालतील, वरंध्याच्या आणि प्रतापगडाच्या चढाला कमी पडतील.

उपाय स्वस्त आहे: 14-34 चं सात गिअरचं फ्रीव्हील. 28-34 ला एका फेरीत 1.79 मीटर, 60 फेऱ्यांना ताशी 6.4, आठ टक्क्यांना 150 वॅट. पण नुसतं फ्रीव्हील बदलून निघू नका. मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात पेलणारा आहे का ते बघा, नसेल तर वरची पुली मोठ्या चकतीला घासते. साखळीच्याही दोन-चार कड्या वाढतात. तपासणी अशी: सायकल स्टँडवर घेऊन पुढे 48, मागे 34 लावा. डिरेलर पुढे ताणून सरळ रेषेत आला तर साखळी आखूड आहे. ते गिअर तुम्ही मुद्दाम वापरणार नाही, पण घाटात दमल्यावर चुकून पडतं आणि डिरेलर आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर दोन्ही मोडतात. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, महाडला मिळणार नाही, एक जवळ ठेवा.

आता डिस्क. मेकॅनिकल डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजले की लोक नुसती केबल ताणतात. त्याने ब्रेकचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ऐन उतारावर त्याला पुढे जायला जागा उरत नाही. आधी आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून पॅड ब्रेकच्या चकतीजवळ आणा, मग बाहेरचा, केबल शेवटी. स्क्रूला कुठे 5 मिमी ॲलन लागते, कुठे टॉर्क्स 25. आपल्याला काय लागतं ते घरीच बघून घ्या. पॅडवरचा थर 1 मिमीच्या खाली असेल तर निघण्याआधीच बदला आणि नवे पॅड बसवून घ्या: ताशी 25 वरून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा दाबा, पूर्ण थांबू नका. साखळीला तेल घालताना डिस्कवर कापड टाका. तेल लागलेला पॅड किंचाळतो आणि धरत नाही, धुऊनही तो पूर्ववत होत नाही.

उतरताना ब्रेक सतत किंचित दाबून ठेवणं हीच मुख्य चूक. उष्णता साठते, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात. वळणाआधी सरळ भागात जोरात दाबा, वेग उतरवा, वळणात सोडा. जळका वास आला की थांबा. चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकते.

आणि स्पोक. सामान मागे असलं की तुटतो तो मागच्या चाकाचा, फ्रीव्हीलच्या बाजूचा. तो बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं. टूल सोबत नसेल तर जादा स्पोक असून नसल्यासारखा. त्या बाजूच्या मापाचे तीन स्पोक निपलसकट फ्रेमला चिकटवा. वाटेत तुटला तर शेजारच्याला गुंडाळून हळू जाता येतं. डिस्क असल्यामुळे चाक थोडं आउट (वाकडं) झालं तरी ब्रेकला अडत नाही. निघण्यापूर्वी चाकाचा आउट मात्र नक्की काढून घ्या.

कॅरिअरचे बोल्ट रोज मुक्कामी तपासा.

कृष्णाकाठ

@पानापक्कड, एक भर: व्हॉल्व्ह. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरते. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा, तो पावली-अधेलीची वस्तू पण ऐन वेळी मिळत नाही. 35 च्या टायरला 55-60 पीएसआय पुरे.

गावांचं बोलायचं तर वाईला संध्याकाळ धरा. ढोल्या गणपती गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधला. मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर, सायकलने जायलाच बरी. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे, म्हणून आत जायला विचारूनच जा. घाट आणि मंदिरं खुली. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. वेळ असेल तर पुढे धोमचं नरसिंह मंदिर.

पुणे–वाई हायवेने करण्यापेक्षा भोर–आंबवडे–मांढरदेव–वाई असं जा. चढ जास्त आहे, पण ट्रक नाहीत. फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवची यात्रा असते, तेव्हा तो रस्ता विसरा.

पार बहुतेक लोक चुकवतात. प्रतापगडाच्या पायथ्याशी कुंभरोशीहून आत वळायचं. रामवरदायिनीचं देऊळ, आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल, अजून वापरात. गडावर सायकल न्यायची तर शेवटचा चढ तीव्र आहे. सामान खाली हॉटेलात ठेवा.

महाडला चवदार तळं गावातच. मुंबई–गोवा महामार्गालगत गांधारपाले लेणी आहेत, पायऱ्या चढायच्या असल्याने सायकल खाली साखळीने बांधा. वरंध्याच्या वाटेवर शिवथरघळीचा फाटा लागतो, पण घाटाच्या दिवशी तो जोडू नका.

चाकवाट

सगळ्यांचे आभार. फ्रीव्हील 14-34 चं घेतो, आणि पाच दिवस पक्के: पहिल्या दिवशी मांढरदेववरून वाई, चौथ्या रात्री भोर. एकच शंका. महाडला पोचल्यावर वरंधा बंद निघाला तर?

घाटमाथा

तीन वाटा. एक, माणगाववरून ताम्हिणी घाटाने पुणे. अंतर वाढतं, माणगावपर्यंत महामार्ग सोसावा लागतो, पण रस्ता चांगला आहे आणि मुळशीकडचा भाग छान. यासाठी एक दिवस हाताशी ठेवा. दोन, महाडला जवळचं कोकण रेल्वेचं स्टेशन वीर. मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि सायकल पार्सलने चढते का हे स्टेशनवर आधी विचारावं लागतं. तीन, टेम्पो. स्टँडजवळ मिळतो, भाडं ठरवून मगच सायकल चढवा. डिरेलरची बाजू वर ठेवून आडवी टाका, पायडल काढून घ्या, आणि चाक काढलं असेल तर कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या दोन पॅडमध्ये, पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायला विसरू नका.