अमेरिकेत पुनर्वसनासाठी निर्वासितांची छाननी कशी होते?

प्रश्न: कोलंबसकर
आम्ही ओहायोतील कोलंबसमध्ये राहतो. आमच्या वस्तीत नेपाळी बोलणारी बरीच भूतानी कुटुंबे असून ती नेपाळमधील छावण्यांतून रीतसर परवानगीने येथे आली, एवढे मला ठाऊक आहे. परवा एका स्नेहसंमेलनात एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की हे लोक आणि सीमा ओलांडून येणारे सारखेच, कोणाचीही धड चौकशी होत नाही. ते मला पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. निवड नेमकी कोण करते, आणि निर्वासिताला देश निवडता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: टिपणवही
दोन्ही वाटा मुळातच निराळ्या आहेत. सीमेवर किंवा देशात पोहोचून आश्रय मागणाऱ्याचा दावा तो येथे असताना तपासला जातो. पुनर्वसनात मात्र सारी छाननी परदेशातच होते आणि मंजुरीवाचून विमानात पाऊल ठेवता येत नाही. ही चौकट १९८० च्या निर्वासित कायद्याने आखून दिली.

आपल्या शेजाऱ्यांचेच उदाहरण घ्या. १९८८ च्या जनगणनेत दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषकांकडे १९५८ सालची शेतसाऱ्याची पावती किंवा तसाच पुरावा मागण्यात आला. तो ज्यांना देता आला नाही ते परके ठरले, आणि १९९० नंतरच्या दडपशाहीत पावती जपून ठेवलेल्यांनाही घरदार सोडावे लागले. झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत वर्षे गेली, दोन्ही सरकारांच्या चर्चेतून परतीची वाट निघाली नाही, तेव्हा २००७ मध्ये तिसऱ्या देशात पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. एक लाखाहून अधिक लोक आठ देशांत गेले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत.

संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय केवळ शिफारस करते. निर्णय अमेरिकेचाच असतो. नातलग, पूर्वीचे पत्ते, देश सोडण्याचे कारण असा सारा तपशील घेऊन प्रकरण तयार होते, नावे आणि बोटांचे ठसे अमेरिकी सुरक्षा यंत्रणांच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात, आणि नागरिकत्व व स्थलांतर सेवेचा अधिकारी प्रत्यक्ष मुलाखत घेतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटामुळे छळ झाला आहे किंवा तशी साधार भीती आहे, हे त्याला पटावे लागते. सशस्त्र गटाला धान्य वा पैसे दिल्याचे निघाले, तर ते बंदुकीच्या धाकाने दिले असले तरी प्रकरण अडकू शकते. हा नियम मला अन्यायकारक वाटतो.

प्रतिसाद २: वैशाली_नर्स
वरील माहितीत मुदतीचा मुद्दा जोडते, कारण खरा खोळंबा तेथेच होतो. वैद्यकीय तपासणी साधारणतः सहा महिनेच ग्राह्य असते आणि क्षयरोगाचा संशय असल्यास त्याहून कमी. सुरक्षा तपासणीलाही मुदत आहे. एक कागद तयार होईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते. मधेच लग्न झाले किंवा मूल जन्मले तर नव्या व्यक्तीची तपासणी होईस्तोवर सगळे कुटुंब थांबते. सारे जुळून आले की हातात आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची पांढरी पिशवी येते. तिच्यात प्रवासाची कागदपत्रे आणि छातीचा एक्स-रे असतो, आणि विमानतळावर निर्वासित त्या पिशवीवरूनच ओळखू येतो. विमानाचे भाडे फुकट नसते, ते बिनव्याजी कर्ज म्हणून नंतर फेडावे लागते.

प्रतिसाद ३: उत्तररात्र
छाननी कडक आहे हे मान्य, पण किती जणांना घ्यायचे हे छाननीवर ठरत नाही. कमाल संख्या राष्ट्राध्यक्ष दरवर्षी ठरवतात: २०१६ या आर्थिक वर्षासाठी ८५,०००, २०२१ साठी आधी १५,००० आणि सत्ताबदलानंतर ६२,५००, २०२२ साठी १,२५,०००, तर २०२६ साठी अवघी ७,५००. जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रमच स्थगित झाला, तेव्हा सर्व चाचण्या पार केलेल्या कुटुंबांचीही विमाने रद्द झाली.

देश निवडण्याबाबत सांगायचे तर, नातलग कोठे आहेत ते विचारात घेतले जाते, हक्क मात्र नसतो. शिवाय आल्यावर वर्षभराने ग्रीन कार्डासाठी अर्ज करावा लागतो आणि नागरिकत्व मिळेपर्यंत गुन्ह्याच्या शिक्षेमुळे हद्दपारी होऊ शकते. २०२५ मध्ये अशा काही भूतानी निर्वासितांना भूतानला पाठवण्यात आले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही, आणि त्यांतले काही भारतातून पुन्हा नेपाळमध्ये पोहोचले.