मदत हवी आहे: 4294967297 प्राईम आहे का? प्रोग्राम भलतंच सांगतोय

भंवरकुआं_रूम: उद्या प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा कोणीतरी. 4294967297 प्राईम का कंपोझिट, परफेक्ट (स्वतःहून लहान भाजकांची बेरीज नंबराइतकी) का डेफिशियंट (बेरीज कमी), हर्षद (अंकांच्या बेरजेने भाग जाणारा) आहे का, सगळं प्रोग्रामने काढायचंय. माझा प्रोग्राम 97 ला बरोबर, 100 ला बरोबर, आणि ह्याला म्हणतो प्राईमही नाही कंपोझिटही नाही. डोकं फिरलंय.

जुनी_इंदूर: अंकांची बेरीज 59, म्हणजे 3 ने जात नाही. शेवटी 7, म्हणून 2 आणि 5 बाद. पाढे पाठ असते तर ही वेळच आली नसती.

बिटवाला: काका, पाढ्यांनी काय होणार इथे. कोणती भाषा, व्हेरिएबल कुठला?

भंवरकुआं_रूम: सी. इंट, सगळे तोच घेतात. लॉजिक सरांनी बघितलंय.

बिटवाला: तिथेच घोळ. इंट म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, तो 32 बिटचा, आणि तुझा नंबर म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. वरचा बिट कापला गेला की हातात उरतो 1, आणि 1 बद्दल तुझा प्रोग्राम अगदी खरं बोलतोय. लाँग लाँग कर, तो 64 बिटचा असतो.

मालवामित्र: पायथन घे ना, ही कटकटच नाही.

बिटवाला: पेपर सीचा आहे भिया.

गणितमावशी: अरे सरांनी हा मुद्दाम दिलाय. 2 चा 1, 2, 4, 8, 16 वा घात अधिक 1, म्हणजे 3, 5, 17, 257, 65537 हे प्राईम, म्हणून गणिती फर्माला वाटलं पुढचा हाही असणार. 1732 मध्ये ऑयलरने दाखवलं, 641 × 6700417. ह्याचा कुठलाही भाजक 64 च्या पटीत 1 मिळवूनच येतो, म्हणजे प्राईम तपासायचे फक्त 193, 257, 449, 577, आणि पुढचाच 641. कंप्युटर लागतो कशाला?

बिटवाला: प्रॅक्टिकलला लागतो मावशी.

गणितमावशी: आणि व्हायवात "का" विचारलं की?

जुनी_इंदूर: हर्षद संख्या आपल्या गणिती कापरेकरांच्या बरं का, देवळालीला शाळेत शिकवायचे. चार अंक उतरत्या-चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत त्यांचा 6174 काढून बघ, फार मजा येते.

भंवरकुआं_रूम: 6174 कोणी विचारलाय!! लाँग लाँग केलं तरी तेच येतंय.

बिटवाला: मेनमध्ये केलं असशील. फंक्शनच्या कंसात काय लिहिलंय?

भंवरकुआं_रूम: इंट. ते पण बदलायचं असतं? ...हां, आला 641. आता डेफिशियंटचा लूप थांबतच नाहीये.

बिटवाला: एनपर्यंत, म्हणजे पूर्ण नंबरापर्यंत चालवलास ना? 65536 पर्यंत, म्हणजे वर्गमूळापर्यंत पुरे, जोडीतला मोठा भाजक भागाकारातून मिळतो. आणि लूपमधला आय पण लाँग लाँग ठेव, नाहीतर आय गुणिले आय 46341 ला फुटेल.

गणितमावशी: 1 + 641 + 6700417 = 6701059, नंबरापेक्षा कितीतरी कमी, झाला डेफिशियंट. हर्षद नाही, 59 त्याच्या भाजकांत आहे कुठे? ह्याला लूप लावू नकोस बाबा.

पलसीकर_कॉलनी: धागा वर आहे म्हणून विचारते, सहावीच्या गणिताला मराठीतून शिकवणारे कोणी राजवाड्याच्या बाजूला आहेत का?