गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर उभ्याचे काम : मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय 56 असून मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. 7 आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. आता घरात काठीशिवाय चालता येते आणि गुडघा 110 अंशांपर्यंत वाकतो. सायंकाळी सूज मात्र येतेच. बैठे काम साधारण 6 आठवड्यांनी, तर उभ्याचे काम 3 महिन्यांनी सुरू करता येते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझे काम सलग 8 तास उभ्याचे, शिवाय पंचवटीहून दुचाकीने जाणे (त्र्यंबक रस्त्यावरील गतिरोधक आताच डोळ्यांसमोर येतात). ज्यांनी असे काम पुन्हा सुरू केले, त्यांनी आरंभी अर्धा दिवस किंवा बसून करण्याचे काम कसे मागून घेतले आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रात नेमके काय लिहून घेतले, हे कृपया कळवावे.