मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर आईच्या दुसऱ्या पायाला सूज, गुठळी असेल का?

आई ८१ वर्षांची, वजन ४२ किलो. पाय घसरून पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून कृत्रिम गोळा बसवला. आज सोळावा दिवस. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते, पण दिवसाचा बराच वेळ पडूनच असते.

हॉस्पिटलात रोज संध्याकाळी पोटावर एक इंजेक्शन द्यायचे, एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, एवढंच सांगितलं होतं. आठव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियम आहे, डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आहे, पोट साफ व्हायचं औषध आहे. इंजेक्शनचा उल्लेख नाही. मीही विचारलं नाही. घरी सोडलं म्हणजे त्याची गरज संपली, असं मी धरून चालले.

कालपासून उजवी पोटरी सुजली आहे. ऑपरेशन डाव्या बाजूचं, त्यामुळे आधी वाटलं, सगळा भार या पायावर घेते म्हणून असेल. आज टेपने मोजलं, गुडघ्याखाली दोन्हीकडे सारख्याच अंतरावर. उजवी साडेतीन सेंमी जास्त भरली. हाताला गरम लागते, दाबलं की दुखतं. ताप नाही, दम लागत नाही.

फॉलोअप परवा आहे. तोवर थांबलं तर चालेल का? घरातले म्हणतात, पाय चोळून दे, सूज उतरेल. आणि ते इंजेक्शन खरं तर किती दिवस द्यायचं असतं? ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद
परवापर्यंत थांबू नका, आजच न्या. आणि पोटरी अजिबात चोळू नका. गुठळी असेल तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. पायाचा व्हेनस डॉपलर करायला सांगा. ती सोनोग्राफीच असते, सुई नाही, दुखत नाही. डी-डायमर नावाची रक्ततपासणी कुणी सुचवली तर लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच येते, त्यामुळे एवढ्यात तिच्यावरून काही ठरत नाही.

ऑपरेशन झालेला पाय सुजणं नेहमीचं आहे. न झालेला पाय त्याहून जास्त सुजलाय, हीच काळजीची गोष्ट. हाड मोडल्यावर सगळ्या शरीरातलंच रक्त लवकर गोठू लागतं, त्यात पडून राहिल्याने शिरांतला प्रवाह मंदावतो. म्हणून गुठळी कुठल्याही पायात होऊ शकते.

प्रतिसाद
माझ्या वडिलांचं सांगते. त्यांचा पाय सुजलाच नव्हता. एका सकाळी अचानक असंबद्ध बोलायला लागले, मला ओळखेनात. आम्हाला वाटलं वयाचं, नाहीतर गोळ्यांची गुंगी. ऑक्सिजन मोजला तर ८६. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळी निघाली. छातीत दुखणं, श्वास लागणं, थुंकीतून रक्त हे सगळे सांगतात. पण म्हाताऱ्या माणसात नुसता गोंधळ किंवा एकदा घेरी येणं एवढंच दिसू शकतं. असं काही झालं तर सरळ इमर्जन्सी गाठा. आम्ही तीन तास घालवले, त्याची खंत अजून आहे.

प्रतिसाद
मी अस्थिरोग विभागात काम करतो. इंजेक्शनबद्दल: खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर किमान १० ते १४ दिवस आणि शक्यतो ३५ दिवसांपर्यंत गुठळी रोखणारं औषध चालू ठेवावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. धोका घरी आल्यावरही आठवडेच्या आठवडे राहतो, आणि नेमकं तेव्हाच औषध कागदावरून गळतं.

काही ठिकाणी घरी ॲस्पिरिन देतात. त्याला आधार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याचं फ्रॅक्चर झालेले १३,००० हून अधिक रुग्ण होते. रोज १६० मिग्रॅ ॲस्पिरिन ३५ दिवस दिल्याने गुठळ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, पण तुलना नकली गोळीशी होती. २०२३ च्या एका चाचणीत ॲस्पिरिन इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरलं ते मृत्यूंच्या बाबतीत. पायातल्या गुठळ्या ॲस्पिरिनवाल्यांत थोड्या जास्तच होत्या, आणि त्या रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास. तुमच्या आईंना ते जसंच्या तसं लावता येणार नाही. शिवाय झालेल्या गुठळीवर ॲस्पिरिन हा उपचार नव्हे.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे?

धागाकर्ती
निघालोच आहोत. क्रिएटिनिन १.०, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय.

प्रतिसाद
८१ वय आणि ४२ किलो वजन धरून हिशोब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण २९ मिली येते. ३० च्या खाली एनॉक्सापॅरिनचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर ते अंगात साठतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि बारीक वृद्धांमध्ये स्नायू कमी असतात म्हणून आकडा नॉर्मल दिसतो. वजन डॉक्टरांना आपणहून सांगा. डायक्लोफेनॅकचंही विचारा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ते नको.

धागाकर्ती (रात्री)
डॉपलर झाला. उजव्या गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी आहे. छाती ठीक आहे, ऑक्सिजन ९६. किडनीचा हिशोब डॉक्टरांनी पुन्हा करून पाहिला आणि ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली: पहिले ७ दिवस १० मिग्रॅ दोनदा, मग ५ मिग्रॅ दोनदा, किमान ३ महिने. डायक्लोफेनॅक बंद, पॅरासिटामॉल चालू. शौच काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच यायचं. चालणं थांबवायचं नाही म्हणाले, याचं मला आश्चर्य वाटलं.

परवाची वाट पाहिली असती तर, या विचाराने हात थरथरताहेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एकच. आई रात्री दोन-तीनदा उठते आणि मला हाक मारत नाही, झोपमोड होईल म्हणून. या गोळ्यांवर असताना पुन्हा पडली तर? तुम्ही रात्रीचं काय केलंत?