पाठ दुखते तेव्हा झोपेचंही विचारा
वर एकांनी लिहिलंय की जवानाची पाठदुखी म्हणजे निव्वळ वजन उचलण्याचा परिणाम, त्यात मनाचा काय संबंध? वजनाचं खरंच आहे. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत ज्या तोफांवर जवान घडतात, त्यातल्या १५५ मिमी तोफेचा एक गोळा ४० किलोच्या वर असतो. इकडे नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांचं दुखणं वेगळं. हात-पाय कंट्रोलवर, अंग किंचित पुढे झुकलेलं आणि खालून सतत हादरे.

पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की मामला बदलतो. कूस बदलताना जाग येते, झोप मोडली की चिडचिड वाढते आणि अपुऱ्या झोपेमुळे तीच कळ जास्त झोंबते. त्यात मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीवरून ठरणारी श्रेणी, उतरेल, बढती अडकेल या धास्तीनं माणूस बोलतच नाही. माझे काका कित्येक वर्षं वर्दीच्या आत कमरेचा पट्टा बांधून परेडला उभे राहिले, युनिटमध्ये कुणाला कळू दिलं नाही. याला मी सोसणं म्हणणार नाही, ही कोंडी आहे.

म्हणून कळकळीची विनंती, डॉक्टरांना एमआरआय दाखवाल तेव्हा झोपेचं आणि मनाचंही सांगा. टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा; पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये तिचा सैन्यदलांसाठी खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.