कॅज्युअल्टीत एएनएमचं बोलणं दारातच का अडतं?

उपकेंद्रवाली
मी आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम. रत्नागिरी जिल्ह्यातलं उपकेंद्र, चहूबाजूंनी कातळ. तालुका सांगत नाही, उद्या मासिक मीटिंगला उभं करतील.

ऐन वैशाखात एक बाई गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालत होती. चिरा उचलला तसं खालचं फुरसं, विषारी साप, हाताला चावलं. 108ची ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कॉलवर, म्हणून रिक्षा केली आणि मी सोबत बसले. निघायच्या आधीच तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ग्रामीण रुग्णालयात सिस्टरला सांगायला लागले, तर उत्तर आलं, "तू जरा बाजूला हो गं, नातेवाईकांना बोलू दे." नातेवाईक म्हणजे एक जाऊ, ती नुसती रडत होती. नवरा मुंबईला.

मग कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं, गोठतंय का बघायला. हिरड्यांतून आपसूक रक्त येतंय म्हणजे विष अंगात भिनलेलं आहे, तिथे या टेस्टच्या निकालासाठी थांबायचं नसतं, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलंय. डॉक्टर क्वार्टरवर. त्यांना फोन गेला तो 20 मिनिटांनंतर. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग धावपळ, एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल. बाई वाचली, म्हणून कोणी काही बोललं नाही.

माझं म्हणणं: पेशंटला ज्याने आधी पाहिलंय त्याचं आधी एक मिनिट ऐका. एएनएम असो, आशाताई असो, 108चे डॉक्टर असोत. हुद्दा मग बघा.

नाइट ड्यूटी
मी अधिपरिचारिका, म्हणजे हॉस्पिटलातली स्टाफ नर्स, जीएनएम. तुमच्या त्या सिस्टरच्या जागी उभी राहून सांगते. ग्रामीण रुग्णालय म्हणजे 30 खाटा. रात्री कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि लेबर रूम बऱ्याचदा एकाच सिस्टरच्या गळ्यात. आत एकीचं बाळाचं डोकं दिसायला लागलेलं असतं आणि दारात रिक्षातून पाच माणसं उतरतात, पाचही एकदम बोलतात. त्यात तुम्ही सहाव्या.

आणि हिरड्यांतून रक्त म्हणता. आपल्याकडे अर्ध्या गावाचं तोंड पानाने लाल असतं. मी काय समजायचं? एएसव्ही म्हणजे सलाईन नव्हे. घोड्याच्या रक्तातून बनतं, रिॲक्शन आली तर पेशंट डोळ्यांदेखत निळा पडतो. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या ऑर्डरीशिवाय मी व्हायल फोडणार नाही. चौकशी लागली तर तुम्ही येणार आहात का माझ्या बाजूने?

घाटातला डॉक्टर
108 वर आहे, बीएएमएस. 2014 ला राज्यात ही सेवा 937 गाड्यांनी सुरू झाली, 233 एएलएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड, आणि 704 बीएलएस, म्हणजे बेसिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर, ही महाराष्ट्राची खासियत. पण कॅज्युअल्टीत आमचं स्वागत "काय आणलंय?" असं होतं, जणू भाजीचा टेम्पो लावलाय. कशेडी नाहीतर परशुराम घाटातला ॲक्सिडेंट घेऊन यावं, वाटेत दोनदा बीपी पडलेलं असतं, ते मी फॉर्मवर लिहिलेलं असतं. तो फॉर्म सहीपुरता उघडतात. वाचत कोणी नाही.

नाइट ड्यूटी
@घाटातला डॉक्टर, सही झाली की तुम्ही गाडीत. पेशंट बेडवर घ्यायला वॉर्डबॉय मामा नाही, आया मावशी एकटी. आम्ही दोघींनी उचलायचा?

घाटातला डॉक्टर
@नाइट ड्यूटी, उलटं आहे हो. आम्ही पळत नाही, स्ट्रेचर सुटेना म्हणून अडकून पडतो. तुमच्याकडे बेड रिकामा नाही, पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर आणि तिकडे कंट्रोल रूमचा फोन: पुढचा कॉल आहे, निघा. पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, माझ्याकडे बघतो, मी तुमच्याकडे.

चार वर्षांची नर्स
लोकांना राग आला तर येऊ दे. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. हा फरक उगाच ठेवलेला नाही. जिने अतिदक्षता विभागात पोस्टिंग केलंय तिचा अंदाज आणि लसीकरणाचे कॅम्प घेणारीचा अंदाज सारखा कसा धरायचा? ऐकून घ्यावं, हो. पण "आधी पाहिलं" हे काही क्वालिफिकेशन नाही.

कंत्राटी सीएचओ
वरच्या वादात गंमत वाटली. मी पण बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचा कोर्स, आता समुदाय आरोग्य अधिकारी. नावात अधिकारी, ऑर्डर कंत्राटी, पगाराचा एक तुकडा कामगिरीवर. आमच्या उपकेंद्रात एएनएम ताई कायम. मी बीपीच्या पेशंटचा फॉलोअप सांगितला की म्हणतात, "मॅडम, मी तुमच्या आधीपासून आहे इथे." उपकेंद्रवाली ताई, कॅज्युअल्टीत तुम्हाला जे झोंबलं ते रोज दुपारी कोणालातरी तुमच्यासारख्यांकडूनच झोंबतं. फक्त फुरसं नसतं, म्हणून धागा निघत नाही.

उपकेंद्रवाली
@कंत्राटी सीएचओ, असं होतं, नाकारत नाही. पण माझ्या बोलण्याला धरूनच आहे ते. त्या बीपीवाल्याला आधी कोणी तपासलं? तुम्ही. मग तुमचं ऐकायचं. @चार वर्षांची नर्स, लसीकरणाचा कॅम्प म्हणून हिणवू नका. त्याच फिरतीत मला कळतं कोणाच्या घरात आधी मांत्रिक झाला आणि मग मला बोलावलं. ते तास केस पेपरवर कुठून येणार?

महाडकर
हिंमतराव बावस्कर डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा विंचवाचे पेशंट पटापट जायचे. ते उशाशी बसून बघत राहिले, नोंदी ठेवल्या आणि पुढे प्राझोसिन या बीपीच्या औषधाची वाट सापडली. मोठ्या हॉस्पिटलात नाही, इथे रायगडात. पेशंटजवळ बसलेल्या माणसाला जे दिसतं ते दिसतं.

चार वर्षांची नर्स
@महाडकर, ते एमबीबीएस डॉक्टर होते, एएनएम नव्हते. उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

वाडीकार
मी सिंधुदुर्गातलो. आमका कोण जीएनएम नि कोण एएनएम, कायेक कळणा नाय. आमचो पेशंट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलाक धाडतत तेव्हा चिठयेर दोन वळी. थंय गेल्यार डॉक्टर आमकाच इचारता, हेका इंजेक्शन खंयचा दिला? माका काय म्हायत! तुमी आपसात भांडा, पण त्या चिठयेर जरा लिवा.

नाइट ड्यूटी
@वाडीकार, हे मात्र खरं. @उपकेंद्रवाली, तुम्ही तरी चिठ्ठी आणली होतीत का? तोंडी सांगितलेलं मी लिहीपर्यंत अर्धं विसरते.

उपकेंद्रवाली
रेफर चिठ्ठी होती, चावल्याची वेळ त्यात होती. हिरड्यांचं रिक्षात बसताना दिसलं, म्हणून तोंडी. आणि पानाचं म्हणत होतात ना? तिला चूळ भरायला लावली होती, दोनदा. तरी लाल येत होतं.

नाइट ड्यूटी
मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?

उपकेंद्रवाली
तेच सांगत होते, तेवढ्यात बाजूला हो म्हणाल्या.

नाइट ड्यूटी
बरं. यापुढे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून आणा, मी माझ्याकडे आलेली प्रत्येक चिठ्ठी केस पेपरला स्टेपल करीन आणि फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवीन, टेस्टच्या आधी. पण ऑर्डर त्यांचीच.

उपकेंद्रवाली
ऑर्डर मी कधी मागितली हो?

कंत्राटी सीएचओ
आणि स्टेपलरच्या पिना कोणत्या फंडातून?